डाव्या कानाची खूण

वलगावजवळ, शेतातून
६ मे

आई,

पोचले. शेखरकाकांनी वलगावच्या फाट्यावर उतरवलं आणि आत्या दिसेपर्यंत बस हलू दिली नाही. कंडक्टरच अडून बसल्यावर ड्रायव्हर काय करणार? सगळी बस खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. पुढच्या वेळी त्यांना सांग, मी सोळा वर्षांची आहे, पार्सल नाही.

फोनवर बोललं की बाबा स्पीकर लावतात आणि मग आपण दोघी ‘जेवली का’, ‘जेवले’ यापुढे जात नाही. म्हणून ‘मनातलं लिहून काढ आणि शेखरकाकांच्या हाती माझ्या शिवणाच्या दुकानात पाठव’, असं तूच म्हणालीस. तर घे मनातलं. मला राग आला आहे. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर वर्गातल्या मुली कुठे कुठे फिरून आल्या आणि मला मेंढरांत धाडलं, कशासाठी, तर ‘आबाजीले लोकर कातरणीत हात होईन’. दादाला कोणी म्हटलं नाही. त्याचं पुण्यात म्हणे फार महत्त्वाचं चाललेलं असतं. सुट्टीत तो बारापर्यंत झोपतो, हे मी पाहिलेलं आहे.

इथे दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतो. आत्या गोठा झाडते, धारा काढते, मेंढरं सोडते, ऊन चढायच्या आत परत आणते आणि दुपारी कडुनिंबाखाली बसून उरलेली कामं करते. दोन गवळाऊ गाई आहेत. एक दूध देते, दुसरी गाभण आहे. काल मी धार काढायला बसले तर गाईने बादली उडवली. आत्या म्हणाली, “तिचं काई नाई चुकलं. तू परीक्षेले बसल्यावानी बसली होती.”

आता खरं सांगते. इथे आल्या आल्या आबाजींशी भांडले. आमच्या जन्माला त्यांनी दादाच्या आणि माझ्या नावाने एकेक कोकरू ठेवलं होतं ना, त्यांची पिल्लावळ आहे. दादाच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला खाच आहे. माझी एकच उरली आहे, भुरी, आणि तिच्या गळ्यात लाल दोरा आहे.

“आबाजी, दादाच्या मेंढ्याईले खाच, अन माह्या भुरीले कावून नाई?”

“तुह्या भुरीले दोरा हाये ना.”

“दोरा तुटते.”

“तुटासाठीच असते तो. पोरीचा दोरा लग्नाच्या दिवशी तोडतात, मेंढी घरात जमा.”

“अन दादाची?”

“खाच कशी बुजन वं, येडे?”

घरात जमा म्हणजे कोणाकडे, हेही विचारलं. तर देवीदासकडे. म्हणजे आपल्या बाबांकडे, जे कळपाजवळ येतात ते नाकाला रुमाल लावून. मी आबाजींना म्हटलं, ही लबाडी आहे. ते हसले आणि तंबाखू मळत बसले. आत्या शेजारीच भाकरी थापत होती. तिची तव्यावरची भाकर करपली.

तुझी,
आकांक्षा


अकोला
९ मे

चि. आकूस आशीर्वाद.

तुझं पत्र शेखरभाऊंनी नेमकं गिऱ्हाइकासमोर हातात ठेवलं. बाई म्हणाल्या, अगंबाई, आजकाल कोण पत्र लिहितं? मी म्हटलं, अस्तराच्या कापडाचं बिल आहे. तुझ्यामुळे सकाळी सकाळी खोटं बोलले.

आधी कामाचं. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडू नको. इथे कूलरसुद्धा गरम वारा फेकतो आहे, तिथे उघड्यावर काय होत असेल. कैरीचं पन्हं पी, कांदा खा, दूध टाळू नको.

आता दुसरं. तू जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि म्हाताऱ्या माणसाला लबाड म्हणून मोकळी झालीस? वासरात लंगडी गाय शहाणी, असं तुझं झालं आहे. पोरांना खाच, पोरींना दोरा, ही त्या घराची रीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही विचित्र वाटली होती, मग सवय झाली. सवयीशिवाय संसार होत नाहीत.

आणि आत्याच्या नादी लागू नको. शालूताई मनाने चांगल्या आहेत, पण ज्या बाईने कधी कोणाचं ऐकलं नाही तिच्या वाट्याला काय येतं, ते तू बघतेच आहेस. पन्नाशीला आलेली बाई उन्हात मेंढरांमागे वणवण करते. तुझे बाबा आता त्यांना अकोल्यालाच आणायचं म्हणतात. स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करायला घेतली आहे. पंख्याखाली बसतील, दोन घास निवांत खातील. यात वाईट काय आहे, मला सांग.

तुझी,
आई


शेतातून
१५ मे

आई,

निकालाच्या दिवशी फोनवर बाबा गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने माझं कौतुक करत होते आणि तू मागे ‘हो, हो’ करत होतीस. तेव्हाच विचारणार होते, पण स्पीकर होता.

स्वयंपाकघरामागची खोली? जिथे आपण गॅसच्या टाक्या आणि दादाची मोडकी सायकल ठेवतो, ती? मी आत्याला विचारलं, “आत्या, तू अकोल्याले राहाले येनार हायेस का?” आई, तिला माहीतच नव्हतं. ती वासराला बांधत होती. दावं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मग म्हणाली, “कोन म्हनलं?” मी तुझं नाव सांगितलं नाही, पण तिला कळलंच असेल.

हो, वासरू झालं. गाभण गाय परवा दुपारी व्याली. वासराचे पाय बाहेर आले आणि गाय थकली, तेव्हा आत्याने मला एक पाय धरायला लावला आणि दुसरा तिने धरला. गाय कळ द्यायची तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. मला वाटलं होतं किळस येईल. आली नाही.

त्यानंतर आम्ही दोघी गोठ्यातच भिंतीला टेकून बसलो, आणि आत्या पहिल्यांदा स्वतःविषयी बोलली. तिच्या जन्मालाही आबाजींनी कोकरू ठेवलं होतं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका. धारणीकडे लग्न झालं त्या दिवशी दोरा तोडला. दोन वर्षांत ती परत आली. का आली, ते तुला जास्त माहीत असेल. मला एवढंच म्हणाली, “त्या घरी मले कोनी नावानं हाक नाई मारली. हात उचलूनच बोलवत.” आबाजींनी घरात घेतलं, भाकर दिली, कधी टोमणा मारला नाही. पण काळीच्या गळ्यात दोरा परत बांधला नाही. एकदा तोडला की बांधत नाहीत म्हणे.

आता नीट वाच. बाबांच्या खाचेच्या मेंढ्या होत्या त्या त्यांच्या शिक्षणात गेल्या, मग अकोल्याच्या घरात गेल्या. दादाच्या थोड्या आहेत. बाकी सगळा कळप त्या काळीचा आहे. आत्या प्रत्येकीची आई आणि आजी सांगते. आबाजीही सांगतात, कोणी नाकारत नाही. फक्त कानाला खाच नाही, म्हणून सगळ्या ‘घरच्या’.

खाचेने काय होतं, ते मी परवा डोळ्यांनी पाहिलं. शेजारचे एकजण दादाचा मेंढा विकत घ्यायला आले. ज्याच्या नावाची खाच त्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून ‘देल्ला’ म्हटल्याशिवाय इकडे कोणी ते हलवत नाही. हाताशिवाय नेलेलं जनावर जगत नाही असं मानतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारतही नाही. दादा पुण्यात, मग आबाजींनी त्याला फोन लावला, फोन मेंढ्याच्या पाठीवर टेकवला आणि पुण्याहून आवाज आला, “हो, दिला.” झालं. ज्याने आजवर मेंढीला चारा टाकला नाही, त्याचा हात फोनवरूनसुद्धा चालतो. आत्याचा समोर असून कोणी मागत नाही.

कातरणी झाल्यावर बाबा काय करणार आहेत? तुला ठाऊक आहे. नुसतं ‘दूध पी’ लिहून पाठवू नको.

आकांक्षा


अकोला
१९ मे

चि. आकू,

तू त्यांना विचारलंस? मी तुला लिहिलं ते तुझ्यापुरतं होतं. तुझ्या पोटात तीळ भिजत नाही हे मला कळायला हवं होतं. तुझ्या वाक्यागणिक मला इतका राग आला की दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लागल्या.

मला काही ठाऊक नाही, असं मी आधी लिहिलं होतं. मग तो कागद फाडला. तू व्यालेल्या गाईजवळ बसलीस, आणि मी इथे बसून तुला थापा मारू, ते मला जमेना.

नत्थुजी म्हणून परतवाड्याकडचे मेंढरांचे व्यापारी आहेत. एक जूनला, रविवारी, ते गाडी घेऊन येणार. तुझ्या बाबांनी इसाराची आगाऊ रक्कम घेतली आहे. आधी सगळी मेंढरं, मग गाई, आणि मग शालूताई इकडे. आबाजींना त्यांनी सांगितलं आहे आणि आबाजी ‘तू म्हनशीन तसं’ म्हणाले आहेत. ताईंना आदल्या दिवशी सांगायचं ठरलं होतं, म्हणजे रडारड कमी होईल.

तुझे बाबा वाईट नाहीत, हे विसरू नको. बहिणीचं भलं करतो आहोत, असं त्यांना खरोखर वाटतं. त्या खोलीला त्यांनी स्वतः उभं राहून रंग लावून घेतला, फिकट गुलाबी. ताईंना कुठला रंग आवडतो हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

लेकी बोले सुने लागे, म्हणतात. मी हे माझ्या लेकीला लिहिते आहे. आणखी कोणाला लागायचं असेल तर लागो. तू मात्र यात पडू नको. मुकाट्याने कातरणी कर आणि परत ये.

आई


शेतातून
२२ मे

प्रिय रागिणी,

तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुला पत्र लिहिलेलं नाही. माझी शाळा सातवीपर्यंत. अक्षर लागलं नाही तर शेखरला वाचायला सांगू नको, अंदाजाने लाव.

पोरीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. आधी म्हणाली एकच ओळ वाचते, मग सगळंच वाचलं. गुलाबी रंग मला आवडत नाही.

देवीदासच्या मनात माझ्याविषयी वाईट नाही, हे मी तुझ्याआधीपासून जाणते. त्याला मीच कडेवर घेऊन वाढवलं. पण तो मला पंख्याखाली बसवणार आणि मी दिवसभर काय करणार? तुझ्या कांद्याच्या साली गोळा करणार? तुझ्या घरी तू मला नीट वागवशील. तरी ते तुझं घर. मी परत आले तेव्हा गावाने ठरवलं होतं की ही आता भावाच्या तुकड्यावर जगणार. मी कोणाच्या तुकड्यावर जगले नाही, मेंढरांवर जगले. ती गेली की गावाचं खरं होतं. ते मी होऊ देणार नाही.

मी आबाजींना म्हटलं, माझ्या मेंढरांना खाच द्या. ते म्हणाले, “माह्या हातानं नाई होनार. पोरीच्या मेंढीले खाच कोनी देल्ली नाई.” मी म्हटलं, “हात माहे हायेत.” ते उठून गाईला पाणी दाखवायला गेले. उजवा कान पोरांचा. मी डावा घेते.

तुला एकच विचारायचं आहे. कान कापायचा तर एकीने मेंढी धरायची आणि एकीने कापायचं. गडी लावला तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल आणि देवीदास दुसऱ्या दिवशी दारात. आकांक्षा म्हणते मी धरते. पण तिचा बाप तुझ्या घरात राहतो. मी इथे लांब आहे, माझ्यावर त्याचा राग पोचायचा नाही. तो तुझ्या ताटावर निघेल. तू नाही म्हटलंस तर पोरीला मी उद्याच बसमध्ये बसवून देते आणि एकटी काय होईल ते करते. मनात काही धरणार नाही. पण लवकर कळव.

शालू


अकोला
२४ मे

शालूताई, नमस्कार.

शेखरभाऊंची गाडी लागली आहे, थोडक्यात लिहिते. आकू तिथेच राहील. ती मेंढी धरेल.

सोबत माझी मोठी कात्री पाठवते आहे. कालच धार लावून घेतली. या कात्रीने मी कापडाशिवाय काहीही कापू देत नाही. आकूच्या दादाने, कुलदीपने, लहानपणी पतंगाचा कागद कापला म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. बोथट पात्याने कान फाटतो आणि मग चिघळतो, असं तुम्हीच एकदा म्हणाला होता. हिने फाटणार नाही.

राग ताटावर निघेल म्हणता. निघू दे. इतकी वर्षं मीच ते ताट वाढते आहे, सांडलं तर पुसायलाही मीच आहे.

खोलीचा रंग वाईटच आहे.

तुमची,
रागिणी


शेतातून
२ जून

आई,

बाबांनी तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून मी सगळं सांगते.

कातरणारे शुक्रवारी काम संपवून गेले. लोकर उतरली की मेंढी निम्मी होते आणि दिवसभर कोणाच्या तरी मागे लपायला बघते. शनिवारी पहाटेपासून आम्ही दोघी बसलो. मी मेंढीचं डोकं गुडघ्यांत धरायचं, आत्याने डाव्या कानाच्या टोकाला एक छोटी खाच द्यायची, मी लगेच हळद आणि निंबोळीचं तेल लावायचं, माशी बसू नये म्हणून. आबाजी बाजेवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. पाण्यालासुद्धा उठले नाहीत.

संध्याकाळी भुरी राहिली. मी तिला पुढे ओढलं, तर आत्याने कात्री खाली ठेवली. “हिले मी नाई देत. ही तुही हाये. दुसऱ्याच्या मेंढीले आपली खून देनं म्हंजे चोरी.” मी म्हटलं, मग माझी दे. ती म्हणाली, “तुही तू दे.” माझे हात इतके दुखत होते की कात्री धरवेना. उद्या देते, म्हटलं. गळ्यात लाल दोरा होताच, मला वाटलं एका रात्रीने काय होतं.

रविवारी बाबा नत्थुजींच्या गाडीतूनच आले. आत्यासाठी नवी साडी आणली होती. आत्याने चहा केला, सगळे नीट बोलले. मग नत्थुजी कळपात शिरले, पहिल्या मेंढीचा उजवा कान पाहिला, मग डावा पाहिला. दुसरीचा पाहिला, तिसरीचा पाहिला.

“देवीदासभाऊ, डावा कान कोनाचा?”

“डाव्याले कोनी खाच देत नाई,” बाबा म्हणाले.

“देल्ली हाये. ताजी हाये. दिसन तिले हाये.”

“माही हाये,” आत्या म्हणाली.

बाबा आधी हसले. मग आबाजींना म्हणाले, “तुमी देल्ली?” आबाजी खोटं बोलत नाहीत. “म्या नाई देल्ली,” म्हणाले.

“मंग ही खाच धरत नाई. नत्थुजी, चढवा मेंढरं.”

“भाऊ, कोनं कापली ते मी नाई पाहत. कोनाची हाये ते पाहतो. बाईनं हात ठेवला तं आत्ता चढवतो.”

बाबांनी आत्याला खूप समजावलं, खरंच मायेने. “ताई, ठेव हात. तुह्याच भल्याचं करून राह्यलो ना मी. किती दिस उन्हात मरशीन?”

“मरीन तवा पाहू.”

आणि मग त्यांनी तिचं मनगट धरलं. ओढून मेंढीच्या पाठीवर टेकवलं आणि वरून दाबून धरलं. आत्याने हात सोडवून घेतला नाही, नुसती मूठ आवळली. नत्थुजी म्हणाले, “असा हात नाई चालत, भाऊ. माहा इसार वापस करा.”

बाबांचं तोंड उतरलं ते मला बघवलं नाही. त्यांनी दादाला फोन लावला, निदान त्याच्या तरी मेंढ्या जाव्यात म्हणून. दादाने उचलला नाही. रविवार होता. मग त्यांना भुरी दिसली. “ही तं घरची हाये,” म्हणाले, हिसका देऊन दोरा तोडला आणि तिला उचलून स्वतः गाडीत टाकलं. एवढ्या मोठ्या गाडीत ती एकटी ओरडत होती. ती माझी आहे, हे त्यांना माहीत होतं. हे मी तुला सांगणारच. त्यांना माहीत होतं.

मी घरात गेले, कात्री घेतली आणि गाडीत चढले. मी काय करणार ते कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून कोणी अडवलं नाही. भुरीचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि डाव्या कानाला खाच दिली. रक्त माझ्या ओढणीवर आलं. मी म्हटलं, “नत्थुजी, आता ही बी खुनेची हाये.”

त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि गाडीचा मागचा फाळका खाली पाडला. “उतरवा बाई,” म्हणाले. मला बाई म्हणाले.

बाबा गाडीला अगदी टेकून उभे होते. “आकांक्षा, हात ठेव तिच्या पाठीवर. बाप सांगून राह्यला.”

मी दोन्ही हात काखेत दाबले. “नाई ठेवत,” म्हटलं.

ते न जेवता गेले. आत्याने त्यांना आवडतात म्हणून रोडगे भाजले होते आणि वांग्याची भाजी केली होती. साडी बाजेवरच राहिली.

ते गेल्यावर बऱ्याच वेळाने आबाजी उठले. भुरीचा कान उलटासुलटा करून पाहिला. “तिरपी गेली,” म्हणाले. “पुढच्या वख्ती पातं सरळ धरजो.” मग तेलाची वाटी घेऊन कळपात गेले आणि एकेकीचा डावा कान चोळत बसले.

आई, मला आता घरी यायची भीती वाटते.

आकांक्षा


अकोला
४ जून

चि. आकू, आणि ताई, तुम्हीही वाचा.

हे रविवारी संध्याकाळी आले. मी पाणी दिलं. पाणी न पिताच म्हणाले, “तुही कात्री वळखली मी.” मी म्हटलं, माझीच आहे, मीच पाठवली. मी कानावर हात ठेवीन असं त्यांना वाटलं होतं. मी तसं केलं नाही. ते तसेच आंघोळीला निघून गेले.

दोन दिवस अबोला होता. काल कुलदीपचा फोन आला, काय झालं म्हणून. ऐकून तो हसत सुटला. म्हणाला, बाबा, आत्याच्या मेंढ्या आत्यालाच विचारून घ्यायच्या ना. तुझ्या बाबांनी झटकन स्पीकर बंद केला.

रात्री जेवताना मला म्हणाले, “पोरीले सांग, माफी मांगल्याबिगर या घरात पाय ठेवू नको.” कशाची माफी, मी विचारलं. बापाचं तोंड चार लोकांत पाडलं, त्याची. मी म्हटलं, तोंड पडलं हे खरं आहे. पण तिने खाच दिली तेव्हा नाही, तुम्ही दोरा तोडलात तेव्हा पडलं. सख्ख्या बहिणीचं मनगट पिरगाळलंत तेव्हा पडलं. आकू, असं मी त्यांना आजवर कधी बोलले नव्हते. ते ताटावरून उठले. मी जेवले. मला भूक होती.

ते काही इतक्यात बदलायचे नाहीत, उगाच आशा लावू नका. पण आज सकाळी बाहेर पडताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, “हात लय दुखला असन का तिचा?” मी म्हटलं, मला काय विचारता, बहिणीला विचारा. पायात चपला सरकवून गेले.

ताई, तुम्ही कधीही या. पाहुणी म्हणून या, दोन दिवस रस खा आणि आपल्या मेंढरांकडे परत जा. रंग मी बदलून घेईन.

आकू, तुला भीती वाटते हे बरोबर आहे. मलाही वाटते. म्हणून तिथे लपून बसायचं नाही. शनिवारी निघ, शेखरभाऊंच्या बसने, दिवसाउजेडी. ऑटो गल्लीच्या तोंडाशी सोडू नको, दारापर्यंत आण. ओढणी धुवून निघाली नसेल तर तशीच घाल. शनिवारी ते घरीच असतात, ओसरीवर पेपर घेऊन बसलेले. मी दारात उभी असेन. ते विचारतील, “माफी मांगाले आली का?” मान खाली घालू नको आणि उर्मटही बोलू नको. एवढंच सांग, घरी आले.

तुझी,
आई